ऐकू येतं, पण कळत नाही

माझे वडील, अण्णा, इचलकरंजीत साध्या मागावर कामगार होते. धोटा दोन्ही बाजूंना आपटत राहतो अशा शेडमध्ये त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली, आणि साठीच्या आतच घरातलं बोलणं त्यांना कळेनासं झालं. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. मागाशी माझा कामापुरताही संबंध आला नाही, तरी निवृत्तीच्या सुमाराला माझंही ऐकणं कमी झालं. अण्णांचं कानाचं मशीन बहुतेक काळ कपाटात पडून राहिलं. माझी दोन्ही मशीनं सकाळपासून रात्रीपर्यंत कानात असतात. हा फरक किमतीमुळे पडला नाही. मशीन देण्याआधी कान किती नीट तपासले आणि दिल्यानंतर कोणी किती वेळ दिला, त्यामुळे पडला. आता ओळखीपाळखीचे लोक आईवडिलांसाठी मशीन घ्यायचं म्हणून विचारायला येतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

१. पहिली तक्रार कानाबद्दल नसते, समोरच्याबद्दल असते

"हल्ली लोक पुटपुटतात." "टीव्हीवरच्या मालिकांत बोलणं धड कळतच नाही." "आवाज येतो गं, पण काय म्हणाली ते कळत नाही." ऐकणं कमी होऊ लागलेला माणूस असंच बोलतो, आणि तो खरं तेच सांगत असतो. वयाने किंवा आवाजाने कान बिघडतात तेव्हा सगळेच आवाज सारखे कमी होत नाहीत. आतल्या कानात शंखाच्या आकाराचा जो भाग असतो, कॉक्लिया, त्यात प्रत्येक कानात पंधरा-सोळा हजार सूक्ष्म केसपेशी असतात. एकदा मेलेली केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाही. यांतल्या उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी अगदी दाराशी असतात, आणि बहुतेकांच्या बाबतीत त्याच आधी जातात.

उंच पट्टीत असतं काय, तर आपल्या भाषेतली स, श, त, ट, क, ख, फ ही व्यंजनं. ती मुळातच हलकी असतात. अ, आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीतले आणि चांगले दमदार. माझ्या शिक्षकी नजरेला हे फळ्यावरच्या मजकुरासारखं दिसतं: काना-मात्रा-वेलांट्या शाबूत आहेत आणि खालची अक्षरं कोणीतरी डस्टरने पुसून टाकली आहेत. तेवढ्यावरून वाक्य लावायचं. भाजीवाली 'वीस' म्हणाली की 'तीस', 'सात' म्हणाली की 'साठ', हे मग कानाने ठरत नाही. तिच्या तोंडाकडे बघून, कालचा भाव आठवून ठरवावं लागतं. दिवसभर असं ठरवत बसलेला माणूस संध्याकाळी थकून जातो आणि चिडचिडा होतो. घरच्यांना वाटतं, स्वभाव बदलला.

दुसरी गोष्ट याहून जास्त घरं पोळते. बायकांचा आणि लहान मुलांचा आवाज पुरुषांपेक्षा वरच्या पट्टीतला असतो. त्यामुळे म्हाताऱ्या सासऱ्यांना मुलाचं बोलणं कळतं आणि सुनेचं कळत नाही. सून म्हणते, "माझंच बरं ऐकू येत नाही यांना. पाहिजे तेव्हा सगळं ऐकू येतं." हा आरोप मी कितीतरी घरांत ऐकला आहे, आणि दर वेळी त्या सुनेला शेजारी बसवून वरची व्यंजनांची गोष्ट समजावून सांगितली आहे. सोयीने बहिरं होणं असा प्रकार जवळजवळ नसतोच. हे एकदा कळलं की घरातली निम्मी धुसफूस कमी होते, मशीन यायच्या आधीच.

२. काही वेळा मशीनचा विचारही करायचा नसतो

रात्री झोपताना ठीक होतं आणि सकाळी एका कानाने ऐकू येईना, किंवा एक-दोन दिवसांत एकदम कमी झालं, तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायचं. सर्दीने दडे बसले असतील, तेलाचे दोन थेंब घालून बघू, असं म्हणत थांबायचं नाही. आतल्या कानाचा असा अचानक आलेला बहिरेपणा स्टेरॉइडने पुष्कळदा सुधारतो, पण उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू व्हावे लागतात. दोन आठवडे उलटले की आशा फार कमी होते. एकाच कानात शिट्टी वाजत राहणं, ऐकणं कमी होण्यासोबत चक्कर, कानातून पू, कानात दुखणं, हेही आधी डॉक्टरांचं काम आहे, मशीनवाल्याचं नाही.

आणि मळ. पुष्कळ म्हाताऱ्या माणसांच्या कानात मळाचा घट्ट गोळा बसलेला असतो आणि तो काढला की ऐकणं बरंच सुधारतं. मात्र काढायचा तो डॉक्टरांनी. काडेपेटीची काडी, हेअरपिन, कापसाची काडी यांनी मळ आणखी आत जातो, आणि पडद्याला भोक पडायची भीती असते ती वेगळीच.

३. आलेख हातात घेतल्याशिवाय एक रुपयाही मोजू नका

अण्णांसाठी मशीन घ्यायला आम्ही गेलो होतो त्या दुकानात तपासणी झाली ती अशी: विक्रेत्याने मशीन कानात बसवलं, मागे जाऊन टाळी वाजवली आणि विचारलं, "आलं का ऐकू, काका?" अण्णा म्हणाले, आलं. टाळी ऐकू येणारच होती, तिच्यासाठी मशीन लागतच नव्हतं. त्यांना ऐकायचं होतं नातीचं बोलणं.

खरी तपासणी ऑडिओमेट्री. ध्वनिरोधक खोलीत बसवतात, कानावर हेडफोन, हातात बटण. वेगवेगळ्या पट्टीतले बारीक सूर सोडतात, अगदी हलका का होईना सूर जाणवला की बटण दाबायचं. दोन्ही कान वेगवेगळे तपासतात. मग हेडफोन काढून कानामागच्या हाडावर एक छोटी ठोकळी टेकवतात आणि तेच सूर हाडातून पाठवतात. हा दुसरा भाग काही ठिकाणी गाळतात. तो आग्रहाने करून घ्या. हेडफोनमधून कमी ऐकू येतं पण हाडातून चांगलं येतं, असं दिसलं तर दोष बाहेरच्या किंवा मधल्या कानात आहे: पडद्याला भोक, मागे साठलेलं पाणी, किंवा आतलं रिकिबीच्या आकाराचं बारीक हाड जखडलेलं. अशांपैकी बऱ्याच गोष्टींवर औषध किंवा शस्त्रक्रिया आहे. दोन्हीकडून सारखंच कमी असेल तर दोष आतल्या कानाचा किंवा नसेचा, आणि तिथे बहुतेकांना मशीनच कामाला येतं.

हाती येणारा कागद वाचायला अवघड नाही. आडव्या ओळीवर डावीकडून उजवीकडे २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंत आकडे, म्हणजे तबल्याच्या डग्ग्यापासून मंजिरीच्या किणकिणाटापर्यंतच्या पट्ट्या. उभ्या ओळीवर वरून खाली डेसिबल. खूण जितकी खाली, तितका मोठा आवाज त्या माणसाला लागतो. उजव्या कानाच्या खुणा लाल गोल, डाव्या कानाच्या निळ्या फुल्या. साधारण २५ डेसिबलच्या वरच्या भागातल्या खुणा ठीक समजतात. माझ्या कागदावर २५० हर्ट्झला खूण २० डेसिबलवर आहे, १००० ला ३५ वर, आणि ४००० ला थेट ६५ वर. म्हणजे उतरता जिना. मला स्वर ऐकू येतात, व्यंजनं नाहीत, हे तिथे पांढऱ्यावर काळं दिसतं. अण्णांचा आलेख पुढे कधीतरी नीट काढला तेव्हा ४००० हर्ट्झच्या आसपास खोल खड्डा होता. सततच्या मोठ्या आवाजाने बिघडलेल्या कानाची ही खूण. डॉक्टरांनी आलेख बघूनच विचारलं, "मागावर होतात का?"

याखेरीज शब्द ऐकवून घेतलेली परीक्षा असते. आरामात ऐकू येईल इतक्या मोठ्या आवाजात शब्दांची यादी म्हणतात आणि किती बरोबर सांगितले त्याची टक्केवारी काढतात. मला ही टक्केवारी आलेखाइतकीच महत्त्वाची वाटते. आवाज पुरेसा मोठा करूनही शब्द चाळीस टक्केच कळत असतील, तर मशीन कितीही भारी घेतलं तरी ते बाकीचे साठ टक्के कुठून आणून देणार? अशा माणसाला आधीच तसं सांगायला हवं, म्हणजे नंतर तो मशीनला आणि घरचे त्याला बोल लावत बसत नाहीत.

कागदाची प्रत मागून घ्या. ती तुमची आहे. दुसऱ्या ठिकाणी चौकशीला जाताना तीच लागते.

४. आवाज वाढवणं सोपं आहे

"हळू बोललात तर ऐकू येत नाही, जोरात बोललात तर डोक्यात जातं." अण्णांचं हे वाक्य आम्हाला तेव्हा हट्टीपणाचं वाटायचं. आतल्या कानाच्या बहिरेपणात असंच होतं. हलका आवाज गायब होतो, पण मोठ्या आवाजाचा त्रास पूर्वीइतक्याच लवकर सुरू होतो, कधी आधीच. ऐकू येणं आणि सहन न होणं यांच्यातली जागा अरुंद होते. चांगलं मशीन हलका आवाज पुष्कळ वाढवतं, मध्यम थोडा, आणि मोठ्याला हातही लावत नाही. तेही प्रत्येक पट्टीत वेगळ्या मापाने, आलेखात दिसेल तसं.

म्हणूनच ऑनलाइन दोन-तीन हजारांत मिळणारी, कुठल्याही कानात घालायची 'ऐकण्याची मशीनं' मी कोणाला घेऊ देत नाही. ती सगळंच वाढवतात, पंखा, भांडी, हॉर्न सकट. वरची मर्यादा नीट बांधलेली नसेल तर उरलेल्या केसपेशींनाही धोका.

मशीन कॉम्प्युटरला जोडून आलेखाप्रमाणे लावतात. किती आवाज द्यायचा याची सूत्रं ठरलेली आहेत. जगभर जास्त वापरात असलेलं एक सूत्र ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल अकूस्टिक लॅबोरेटरीजचं आहे. पण सूत्र सरासरी कानाचं असतं आणि प्रत्येकाच्या कानाची नळी वेगळी. म्हणून मशीनसोबत एक केसासारखी बारीक नळी कानात सरकवून पडद्याजवळ आवाज खरोखर किती पोचतो ते मोजतात. याला रिअल इअर मेजरमेंट म्हणतात. चौकशीच्या वेळी विचारा, "तुमच्याकडे रिअल इअर होतं का?" होत असेल तर तो माणूस त्याचं काम मनावर घेतो, असं समजायला हरकत नाही.

५. मशीनआधी माणूस निवडा

कंपनी कोणती, हा प्रश्न सगळे पहिला विचारतात. मी तो शेवटी ठेवते. नावाजलेल्या पाच-सहा कंपन्यांची मशीनं बरीचशी तोडीस तोड असतात. फरक पडतो तो लावणाऱ्यात. ऑडिओलॉजिस्ट शिकलेला हवा, म्हणजे वाचा आणि श्रवण या विषयाची पदवी आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी हवी. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच कसला? एरवी आपण सोनाराकडे हॉलमार्क बघतोच.

मग बोलणं होऊ द्या. तो तुम्हाला तुमच्या दिवसाबद्दल विचारतो का? तुम्हाला कुठे ऐकू येत नाही, घरात किती माणसं, देवळात जाता का, फोनवर किती बोलता, भिशी, भजनी मंडळ, रस्त्यावरचं दुकान? हे न विचारता थेट किमतीचा तक्ता पुढे करणाऱ्याकडून मी उठून येते. काही दिवस घरी वापरून बघायला देणार का, नंतर लावून घ्यायला कितीदाही यावं लागलं तर त्याचे पैसे पडणार का, दुरुस्ती इथेच होते की बाहेर पाठवतात, आणि ती होईपर्यंत दुसरं मशीन मिळतं का, हे सगळं पैसे देण्याआधी विचारून कागदावर घ्या. एका गावात मशीन घेऊन दुसऱ्या गावी राहणाऱ्याची फार आबाळ होते. मुलगा पुण्याहून भारी मशीन आणतो आणि आई चंदगडला. महिन्याभरात ते मशीन डब्यात जातं. जवळच्या तालुक्याच्या गावी मिळणारं साधं मशीन अशा आईला शंभर पटीने उपयोगी.

६. किंमत

आलेखाप्रमाणे लावता येणारी डिजिटल मशीनं पंधरा-वीस हजारांपासून सुरू होतात, आणि जोडी दोन-तीन लाखांपर्यंत आणि त्याच्याही वर जाते. वाढीव पैसे कशाचे, तर जास्त चॅनेल (म्हणजे वेगवेगळ्या मापाने लावता येणाऱ्या जास्त पट्ट्या), गर्दीतला गोंगाट ओळखून दाबणं, समोरच्याच दिशेचा आवाज उचलणारे मायक्रोफोन, फोनशी ब्लूटूथने जोडणी, चार्जिंग. यातलं काय कोणाला लागतं ते दिवसावरून ठरतं. दिवसभर घरी, दोन-तीन माणसांत असलेल्या आजीला साधं पण नीट लावलेलं मशीन पुरतं. सभा-समारंभांत वावरणाऱ्याला, दुकान चालवणाऱ्याला, अजून नोकरीत असलेल्याला वरच्या सोयींचा फायदा होतो. अमेरिकेतल्या मेम्फिस विद्यापीठात रॉबिन कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सौम्य ते मध्यम बहिरेपणाच्या वयस्क माणसांना साधी आणि महागडी अशी दोन्ही मशीनं आळीपाळीने वापरायला दिली होती. दोन्हींनी चांगला फायदा झाला, आणि रोजच्या वापरात दोघांत ठळक फरक दिसला नाही. कर्ज काढून सर्वांत महाग मशीन घ्यायला निघालेल्या मुलामुलींना मी हे आवर्जून सांगते. माझी मधल्या किमतीची आहेत. मी त्यांतली ब्लूटूथची सोय मुद्दाम घेतली, कारण मुलगी लांब असते आणि तिचा फोन थेट दोन्ही कानांत ऐकू येतो.

पैशांची अडचण असेल तर वाट आहे. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत (२०१७) दारिद्र्यरेषेखालच्या किंवा महिना १५ हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना जी उपकरणं मिळतात त्यांत श्रवणयंत्र आहे. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या पात्र ज्येष्ठांच्या खात्यात अशा साधनांसाठी ३ हजार रुपये जमा होतात. तेवढ्यात मशीन येत नाही, पण भर पडते. दिव्यांगत्वाचा दाखला मिळत असेल तर काढून ठेवा. २०१६ च्या कायद्याप्रमाणे दोन्ही कानांत ६० डेसिबल किंवा त्याहून जास्त तोटा असलेली माणसं त्यात येतात. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून वाचा आणि श्रवणाचंच काम करते. तिथे तपासणीपासून मशीनपर्यंत सगळं होतं. मात्र शिबिरात मोफत मिळालेलं मशीनही आलेखाप्रमाणे लावूनच घ्या. ते हातात ठेवून फोटो काढला म्हणजे काम झालं, असं होऊ देऊ नका.

७. डोळे आणि बोटंही तपासा

कानाच्या आत पूर्ण लपणारं मशीन सगळ्यांना आवडतं, कारण ते दिसत नाही. पण त्याची बॅटरी डाळीच्या दाण्याएवढी. मागावर कांड्या भरून आणि गाठी मारून अण्णांची बोटं जाड आणि बधिर झाली होती. ती बॅटरी त्यांच्या बोटांत ठरतच नसे. मधुमेहाने बोटांची जाणीव गेलेल्यांचं, हात थरथरणाऱ्यांचं, मोतीबिंदूवाल्यांचं तेच. अशांनी कानामागे बसणारं, थोडं मोठं मशीन घ्यावं, आणि जमल्यास चार्जिंगचं. शिवाय तोटा जास्त असेल तर लहान मशीनला तेवढा आवाज झेपतही नाही, ते शिट्टी मारू लागतं.

बॅटरीचं एक सांगते, कारण दुकानात कोणी सांगत नाही. या झिंक-एअर बॅटऱ्या हवेवर चालतात. वरचा रंगीत स्टिकर काढला की हवा आत जाते आणि बॅटरी सुरू होते, ती परत चिकटवून थांबत नाही. स्टिकर काढून मिनिटभर तशीच उघडी ठेवायची आणि मगच मशीनमध्ये घालायची, म्हणजे पूर्ण ताकद येते. स्टिकरचा रंग लक्षात ठेवला की दुकानात घोटाळा होत नाही: १० नंबर पिवळा, ३१२ तपकिरी, १३ नारिंगी, ६७५ निळा. घरात लहान मूल असेल तर या बॅटऱ्या उंचावर ठेवा. गिळली, नाकात किंवा कानात घातली, तर तडक दवाखान्यात.

आपल्याकडे मशीनचे दोन मोठे शत्रू म्हणजे पावसाळा आणि खोबरेल तेल. डोक्याला तेल चोपडून लगेच मशीन चढवलं की कानामागच्या मायक्रोफोनच्या बारीक भोकात तेल जातं आणि आवाज हळूहळू घुसमटतो. आधी मशीन लावू नका, तेल जिरू द्या, कानामागची जागा कोरड्या फडक्याने पुसा आणि मग लावा. रात्री बॅटरीचं दार उघडून मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवा. जून ते सप्टेंबर तर एकही रात्र चुकवू नका. आवाज कमी आला की मशीन बिघडलं असं समजून धावू नका. टोकाशी मळाची जाळी असते, ती पांढऱ्या-पिवळ्या मळाने बुजलेली असते. जाळी बदलली की मशीन पुन्हा पूर्वीसारखं चालतं.

८. दोन्ही कानांना कमी ऐकू येत असेल तर दोन्ही कानांना मशीन

आवाज कुठून आला हे मेंदू दोन कानांच्या फरकावरून ठरवतो. रस्ता ओलांडताना याची किंमत कळते. गर्दीतही दोन कानांनी जास्त कळतं. पैसे एकाचेच असतील तर एक घ्या, कोणत्या कानाला ते ऑडिओलॉजिस्टला ठरवू द्या. आणि दुसऱ्यासाठी पैसे जमवत राहा.

९. पहिले काही आठवडे सोसावे लागतात

मशीन घातल्यावर मला सगळ्यांत आधी नातेवाइकांचं बोलणं ऐकू आलं नाही. प्लास्टिकच्या पिशवीची चुरचूर ऐकू आली, इतकी की मी पिशवी हातातून टाकली. मग नळाचं पाणी, पंख्याच्या पात्यांची घरघर, फोडणीत मोहरी तडतडली तो आवाज. वर्तमानपत्राचं पान उलटलं तर पत्रा वाजल्यासारखं. माझाच आवाज मला रांजणातून आल्यासारखा वाटे, आणि पापड खाताना बाकीचं काही ऐकू येईना.

यात मशीनचा काही दोष नव्हता. वर्षानुवर्षं मेंदूला हे आवाज मिळालेच नव्हते, म्हणून ते निवडून बाजूला टाकायची त्याची सवय मोडली होती. ती परत येते, पण रोज घातलं तरच. सुरुवातीला घरात, शांत वेळी, एकाच माणसाशी बोलताना वापरायचं. मग टीव्ही, मग चार माणसं, शेवटी लग्नाचा हॉल. जो पहिल्याच दिवशी मशीन घालून हळदीला जातो, तो दुसऱ्या दिवशी ते काढून ठेवतो. ही गत मी पुष्कळांची पाहिली आहे. एक युक्ती मला फार उपयोगी पडली: रोज थोडा वेळ पेपर मोठ्याने वाचायचा. स्वतःच्या आवाजाची सवय होते, आणि डोळ्यांना दिसणारं अक्षर कानांना ओळखीचं होतं.

काय खटकतं ते वहीत लिहा आणि ती वही घेऊनच ऑडिओलॉजिस्टकडे जा. 'मशीन बरोबर नाही' यावरून त्याला काही बदलता येत नाही. 'भांड्यांचा आवाज कानात घुसतो', 'नातवाचं बोलणं अजून कळत नाही', 'हनुवटी हलवली की शिट्टी वाजते' असं सांगितलं की त्याला नेमकं काय फिरवायचं ते कळतं. माझ्या आवाजाचा रांजण कानातला रबरी डोम बदलल्यावर गेला. पहिल्या दोन-तीन महिन्यांत असं परत परत जावं लागतं आणि ते जावंच. अण्णांच्या वेळी ते विकणारे परत भेटलेच नाहीत, आणि मशीन कपाटात गेलं त्याचं खरं कारण हे.

१०. "काही नाही, जाऊ दे"

कमी ऐकू येणाऱ्याला सगळ्यांत जास्त लागतं ते हे वाक्य. सगळे हसतात, तो विचारतो काय झालं, आणि उत्तर येतं, काही नाही, जाऊ दे. असं चार वेळा झालं की तो विचारायचं सोडतो. मग जेवायला वेगळा बसतो. मग लग्नाकार्याला जाणं टाळतो. अण्णांचं सगळं असंच घडलं. मशीन असलं तरी ही वेळ येते, कारण मशीन घातलेला कान तरुण कान होत नाही.

म्हणून घरच्यांनी एवढं करा. आधी हाक मारा, बघितलं की बोला. समोर या, चार फुटांच्या आत, तोंडावर उजेड असू द्या, कारण आम्ही ओठही वाचत असतो. ओरडू नका. ओरडल्याने स्वर फुगतात, व्यंजनं आहेत तिथेच राहतात, आणि आमच्या नजरेला दिसतो तो तुमचा रागावलेला चेहरा. किंचित सावकाश आणि स्पष्ट बोला. एकदा कळलं नाही तर तेच वाक्य पुन्हा न म्हणता शब्द बदला: "किल्ली कुठे आहे" कळलं नाही तर "कुलूप उघडायचंय, चावी दे". स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत बोलू नका. बोलताना टीव्ही बंद करा. हॉटेलात किंवा पंगतीत त्यांना भिंतीकडे पाठ करून बसवा, म्हणजे मागचा गलका येत नाही.

११. वाट किती पाहायची?

ऐकणं कमी झाल्याचं कळल्यापासून मशीन घेईपर्यंत लोक वर्षानुवर्षं घालवतात. तोवर मेंदू त्या आवाजांपासून तुटत जातो आणि मग सवय व्हायला जास्त वेळ लागतो. विसरभोळेपणाशीही याचा संबंध आहे. मध्यम वयातलं कमी ऐकू येणं हे स्मृतिभ्रंशाच्या, ज्यावर उपाय करता येतो अशा, मोठ्या कारणांपैकी एक आहे, असं 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञ गटाने २०२० साली म्हटलं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अचीव्ह या अमेरिकी अभ्यासात सत्तरीच्या पुढच्या माणसांना मशीन देऊन तीन वर्षं पाहिलं. सगळ्यांचं मिळून पाहिलं तर फरक दिसला नाही. पण ज्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका आधीपासून जास्त होता त्यांच्या बुद्धीची घसरण ४८ टक्के कमी झाली. मशीन घातलं की स्मृतिभ्रंश होत नाही, असं कोणी विकण्यासाठी सांगत असेल तर ते खोटं आहे. पण पन्नाशीनंतर आलेख काढून ठेवावा आणि वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा काढून ताडून बघावा, एवढं यातून मी घेते.

१२. ज्यांचे कान अजून चांगले आहेत त्यांच्यासाठी

इचलकरंजीत, मालेगावात, भिवंडीत आजही हजारो माणसं साध्या मागांच्या शेडमध्ये पाळी करतात. भारतात कारखान्यांसाठी ९० डेसिबलची, आठ तासांची मर्यादा आहे. कानांच्या रक्षणाचं काम करणारे ८५ धरतात, आणि पुढे दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते असं मानतात. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन. शेडचा आवाज यापुढे जातो. गणपतीत ढोल-ताशा पथकात ढोलांच्या मधोमध तासन्‌तास उभी असलेली मुलं, डीजेच्या भिंतीसमोर नाचणारी मुलं याच हिशोबात येतात. मिरवणूक संपल्यावर कानात गुणगुण राहिली तर त्या दिवशी कानांना मार बसला, असंच समजायचं. दुसऱ्या दिवशी ती थांबली म्हणून सगळं भरून आलं असं नाही.

स्पंजचे इअरप्लग औषधाच्या दुकानात दहा-वीस रुपयांना मिळतात. ते बहुतेक जण नुसते कानाच्या तोंडाशी टेकवतात आणि मग म्हणतात काही फरक पडत नाही. आमच्या भावकीतली दोन पोरं मागावर आहेत, त्यांना मी समोर बसवून शिकवलं: हात स्वच्छ धुवा, प्लग बोटांत वळून वातीसारखा बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून घेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा म्हणजे नळी सरळ होते, मग प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवा. स्वतःचाच आवाज घुमल्यासारखा वाटला तर प्लग नीट बसला. मळका झाला की टाकून द्या. माग सांभाळणारा जॉबर हाक मारतो ती ऐकू येत नाही, ही त्यांची तक्रार होती. त्यावर तोडगा त्यांनीच काढला: शेडमध्ये सगळे नाहीतरी हाताच्या खुणांनीच बोलतात, तसंच आता जॉबरही खांद्यावर हात ठेवतो.